स्टेंटर सुरू झाला की मॉडबसवरचे मीटर गायब होतात, काय तपासू?

वायर_इचलकरंजी
नमस्कार. इथल्या एका प्रोसेस हाऊसमध्ये (कापडावर प्रक्रिया करणारा कारखाना) मी मेंटेनन्स बघतो. खात्यावार युनिट काढण्यासाठी पीएलसीला (मशीन चालवणारा कंट्रोलर) आरएस-४८५ वर, म्हणजे दोन तारांच्या सामाईक डेटा लाईनवर, मॉडबस या भाषेत बोलणारे ४ एनर्जी मीटर जोडले होते, दोन वर्षं बिनतक्रार चालले. दिवाळीनंतर त्याच लाईनवर ५ मीटर आणि स्टेंटरचे (कापड ताणून गरम हवेने वाळवणारं मशीन) २ ड्राइव्ह (मोटरचा वेग बदलणारी उपकरणं) घेतले, तेव्हापासून त्रास. वेग ९६०० बॉड (सेकंदाला ९६०० बिट), पॅरिटी (चूक ओळखायचा जादा बिट) नाही. स्टेंटर बंद असताना बहुतेक मीटर येतात; ब्लोअर सुरू झाले की एकेक टाइमआऊट, म्हणजे उत्तरच येत नाही.

केबल शील्डवाली, ट्विस्टेड पेअर. मधल्या जंक्शन बॉक्समधून प्रत्येक पॅनलला वेगळी गेली आहे, सर्वांत लांबची ६० मीटर. काम करणारी पार्टी म्हणते, सगळी केबल नव्याने ओढा. तोवर रात्रपाळीची पोरं वही घेऊन मीटर वाचत फिरतात, आकडे जुळले नाहीत की बोलणीही तीच खातात. ते मला बघवत नाही.

ऑटोमेशन_चाकण
ए आणि बी या दोन डेटा तारा उलट्या झाल्यात का बघा. मूळ स्टँडर्डमध्ये ए उणे आणि बी अधिक आहे, पण बरेच उत्पादक नेमकं उलटं छापतात. अक्षरावर जाऊ नका, मॅन्युअलमध्ये अधिक-उणे बघून जोडा.

इन्स्ट्रुमेंट_काका
उलटं असतं तर तो मीटर स्टेंटर बंद असतानाही आला नसता. साखर कारखान्यात २२ वर्षं हेच काम केलं, म्हणून सांगतो: केबलला हात लावण्याआधी मल्टिमीटर घे. पीएलसीसकट सगळ्यांची पॉवर बंद कर आणि पीएलसीच्या टर्मिनलवर दोन डेटा तारांमध्ये ओहम मोज. सिग्नल टोकावरून उलटून परत येऊ नये म्हणून लावतात ते १२० ओहमचे दोन रेझिस्टर असतील तर ६० च्या आसपास यायला हवं. तीन असतील तर ४०, चार असतील तर ३०. आकडा इथे टाक, मग बोलू.

वायर_इचलकरंजी
काका, १५ ओहम आले. दोनदा मोजलं. मग प्रत्येक पॅनल उघडून पाहिलं: नव्या पाचही मीटरच्या टर्मिनलवर रेझिस्टर, दोन्ही ड्राइव्हचे टर्मिनेशन स्विच (आतला तसाच रेझिस्टर जोडणारे) ऑन, आणि पीएलसीचाही. एकूण आठ. वायरमनला विचारलं, तर म्हणाला, ‘प्रत्येक टोकाला लावायचा असं सांगितलं होतं.’

इन्स्ट्रुमेंट_काका
त्या वायरमनला बोलू नकोस. केबल स्टारमध्ये, म्हणजे मधल्या बॉक्समधून प्रत्येकाला वेगळी, टाकल्यावर त्याला खरंच तितकी टोकं दिसली. चूक सांगणाऱ्याची. टोकं म्हणजे संपूर्ण लाईनची दोनच.

आता हे बघ. स्टँडर्डप्रमाणे ड्रायव्हरने (सिग्नल पाठवणारा भाग) ५४ ओहमच्या लोडवर किमान १.५ व्होल्ट द्यायचे असतात. तुझ्याकडे लोड १५ ओहमचा, म्हणजे सिग्नल आधीच बसलेला. त्यात ब्लोअरच्या ड्राइव्हचा गोंगाट आला की उरलेलाही बुडतो.

स्टार वाईट हे खरं, पण तुझ्या आजाराचं मूळ ते नाही. तारेतून सिग्नलला एका मीटरला साधारण ५ नॅनोसेकंद लागतात. ६० मीटर जाऊन परत यायला ०.६ मायक्रोसेकंद. ९६०० ला एक बिट १०४ मायक्रोसेकंदांचा. परावर्तन येऊन विरून जातं, बिटच्या मध्यापर्यंत सगळं शांत. म्हणून सहा रेझिस्टर काढ, पीएलसीचा आणि सर्वांत लांबच्या उपकरणाचा ठेव. केबल आहे तशी राहू दे. पुढचा मीटर मात्र या पॅनलमधून त्या पॅनलमध्ये असा साखळीतच घे.

दुसरं, कुणीच बोलत नसताना दोन तारांमधला व्होल्टेज मोज. २०० मिलिव्होल्टच्या खाली असेल तर रिसीव्हरला एक की शून्य कळत नाही, गोंगाटालाच तो डेटा समजतो. पीएलसीच्या पोर्टवर बायसचा स्विच (लाईन शांत असताना तारांमध्ये थोडा व्होल्टेज धरून ठेवणारा) असेल, तो ऑन कर. फक्त एकाच ठिकाणी.

वायर_इचलकरंजी
काल सुट्टी होती, तेव्हा केलं. आता ६० ओहम. पीएलसीचं पोलिंग (एकेकाला आकडे विचारणं) थांबवून मोजलं: आधी ३० मिलिव्होल्ट, बायस दिल्यावर २५०. आज स्टेंटर पूर्ण पाळी चालला, नऊही मीटर एकदाही गेले नाहीत. नवी केबल ओढली नाही. वह्या बंद केल्या, पोरांना मीच सांगितलं.

एक ड्राइव्ह अजून तासाला दोन-तीनदा जातो. तो वेगळ्या शेडमध्ये आहे, अर्थिंगचा खड्डाही वेगळा.

इन्स्ट्रुमेंट_काका
मग तिसरी तार बघ. दोन तारांवर काम भागतं असं सगळे धरून चालतात, पण रिसीव्हर त्याच्या कॉमनच्या (त्याचा शून्य व्होल्ट धरलेला बिंदू) मानाने उणे ७ ते अधिक १२ व्होल्टपर्यंतच सहन करतो. आमच्या मिल हाऊस आणि पॉवर हाऊसच्या खड्ड्यांत मोठी मोटर सुरू होताना याच्या वर फरक जायचा, दोन पोर्ट जळाले तेव्हा कळलं. ड्राइव्हच्या कम्युनिकेशन टर्मिनलवरचा कॉमन पीएलसीच्या कॉमनला जोडलाय का? शील्ड दोन्हीकडे अर्थ केली असेल तर एक बाजू सोड. तरीही गेला तर त्या शेडपुरता आयसोलेटेड रिपीटर (दोन्ही बाजू विजेने वेगळ्या ठेवून सिग्नल पुढे देणारा) घे, तिथे तो पैसा योग्य जागी जाईल.

वायर_इचलकरंजी
कॉमन जोडलेला नाही, टर्मिनल रिकामंच आहे. केबलमध्ये एक पेअर मोकळी आहे, उद्या सकाळची पाळी लागण्याआधी तीच वापरतो.