म्हणे आफ्रिकेला राजकारण गोऱ्यांनी शिकवलं!

बाभूळकाटा: काल एका महाशयांनी लिहिलं, 'आफ्रिकेत नुसत्या टोळ्या, राजकीय विचार गोऱ्यांबरोबर आला.' डोकंच सणकलं. घानातले अकान लोक राजाला अटी घालून गादीवर बसवत आणि अटी मोडल्या की उतरवत. 1871 मध्ये तिथल्याच मानकेसिम गावी अकानांपैकीच असलेल्या फान्टे लोकांच्या पुढाऱ्यांनी स्वतःची लेखी घटना केली. त्यात शाळा होत्या, 15 फूट रुंद रस्ते होते, रस्त्याकडेची गटारंसुद्धा! इंग्रजांनी पुढाऱ्यांना अटक केली. आपली काँग्रेस जन्मायला अजून 14 वर्षं होती.

ठोकताळे: ते पुढारी मिशनच्या शाळांतलेच ना? म्हणजे महाशय निम्मे बरोबर.

बाभूळकाटा: टिळक डेक्कन कॉलेजात शिकले, मग स्वराज्यही इंग्रजांचंच म्हणा.

मामांचा_भाचा: विचार राहू द्या, फळं बघा. मामा टांझानियात दार-एस-सलामला होते. 1967 ला तिथले राष्ट्राध्यक्ष न्येरेरे यांचा समाजवादाचा अरुशा जाहीरनामा आला, 1971 ला भाड्याच्या मोठ्या इमारती सरकारजमा. मामांचे घरमालक कच्छी. इमारत दहा वर्षांहून जुनी, म्हणून भरपाई शून्य. म्हातारा तरी एक तारखेला यायचा, चहा घ्यायचा, नळ गळतोय का बघून जायचा.

गिरगावकर: इथे पागडीच्या मालकांचं वेगळं काय झालं? आमच्या चाळीत भाडं 90 रुपये आणि छताची दुरुस्ती मालकाने करायची!

खवचट_काकू: 90 रुपयांत गिरगावात राहायचं आणि वर गळकं छत दाखवायचं. लाज वाटते का?

गिरगावकर: काकू, तुमचे किती फ्लॅट भाड्याने आहेत ते सांगा आधी.

बाभूळकाटा: धागा आफ्रिकेचा आहे हो! भाचे, तुमच्या मामांच्या मालकाचं वाईट झालं, मान्य. पण न्येरेरेंनी 1985 ला आपणहून खुर्ची सोडली. आपल्याकडचा एक दाखवा.

मामांचा_भाचा: सोडली, कबूल, हार घालतो. त्याआधी लाखो शेतकऱ्यांना बळजबरीने उजामाच्या, म्हणजे सामूहिक शेतीच्या, गावांत हलवलं, ते कुठल्या परंपरेत बसतं?

खवचट_काकू: परंपरेचं नावच काढू नका. झाडाखाली वडीलधारे एकमत होईतो बोलत, न्येरेरेंच्या या कौतुकातूनच 1965 ला टांझानियात एकच पक्ष उरला. आमच्या गावकीतही कायम एकमत असायचं. बायकांना बोलावलंच नाही की होतं.

बाभूळकाटा: अकानांत राजा कोण हे आधी राजमाता सुचवते, काकू.

खवचट_काकू: सुचवते. बसतो कोण?