गुडघ्यावर झाडलेली गोळी नैतिक ठरते का?

प्रश्न : जेम्स कॅमेरॉन यांचा १९९१ सालचा 'टर्मिनेटर २' परवा मुलीसोबत पुन्हा पाहिला. त्यातला मुलगा जॉन, त्याच्या रक्षणासाठी आलेल्या यंत्रमानवाकडून कोणालाही ठार न मारण्याची शपथ वदवून घेतो आणि लगेच तो यंत्रमानव पहारेकऱ्याच्या गुडघ्यांत गोळ्या घालून, हा जगेल, असे शांतपणे सांगतो. चित्रपटगृहात तेव्हा हशा पिकला होता, मुलगी मात्र गप्प झाली. जायबंदी करणे ही अहिंसा कशी?

प्रतिसाद १ : ती अहिंसा नव्हेच. यंत्राला आज्ञा कळली आहे, वेदना कळलेली नाही. पुढे पोलिसांच्या गाड्यांची चाळण केल्यावर त्याच्या नजरेसमोर मृतांचा आकडा शून्य दिसतो. जखमींची मोजदाद होत नाही.

प्रतिसाद २ : माझ्या मते खरी कसोटी जॉनची आई सारा कॉनर हिची आहे. ज्याच्या संशोधनातून पुढे माणसांचा संहार करणारी यंत्रे जन्मणार आहेत, त्या डायसन या संगणकतज्ज्ञाच्या पाठीवर तिच्या बंदुकीचा लाल ठिपका स्थिरावतो, तेवढ्यात त्याच्या मुलाची खेळण्यातली गाडी पायाला लागते, तो वाकतो आणि गोळी हुकते. नंतर घरात शिरून, बापाला बिलगलेले पोर समोर पाहिल्यावर तिचा हात थिजतो. अब्जावधी जीव वाचवण्यासाठी, अजून काहीही गुन्हा न केलेल्या माणसाला मारावे का, हा प्रश्न इथे चेहऱ्यासकट उभा राहतो.

प्रश्नकर्ता : हे पटले. तरीही डायसन अखेर पोलिसांच्या गोळ्यांनीच मरतो, आणि त्या पहारेकऱ्याचे पुढे काय झाले, हे मुलीने विचारले तेव्हा मला उत्तर देता आले नाही.