बोलेरोमागं कॅरॅव्हॅन ओढायचीय, एक्स्टेन्शन आरसे कुठले घ्यावेत?

दाजीपूर_वाट:
नमस्कार मंडळी, कोल्हापुरातनं विचारतोय. उद्यमनगरात ओळखीच्या वर्कशॉपमधनं छोटी कॅरॅव्हॅन बांधून घेतलीय, हलकीच आहे, पासिंग झालंय, रुंदी भरते २.१ मीटर. ओढायला घरची बोलेरो. जोडून आवारात उभी केली आणि आरशात बघितलं तर दोन्हीकडं निव्वळ कॅरॅव्हॅनची पांढरी भिंत, मागचा रस्ता जवळजवळ नाहीच. दिवाळीनंतर आई-बाबांना घेऊन राधानगरी, दाजीपूर करत फोंडा घाट उतरून मालवणला जायचा बेत आहे, म्हणजे ऐन उसाच्या सीझनात. बाहेरून मागवायचे पट्ट्यावाले (मूळ आरशावर पट्ट्यानं बांधायचे) आरसे बघितले तर चांगलेच महाग पडतायत, वर्कशॉपवाले म्हणतात ट्रकचे आरसे लावून देतो, मेव्हणा म्हणतो मागं कॅमेरा टाक आणि विषय संपव. सपाट काच घ्यावी का फुगीर तेही कळेना. ज्यांनी ट्रेलर ओढलाय त्यांनी सांगा राव.

करूळ_घाट:
दादा आधी टेप घ्या आणि मापं काढा, ब्रँड नंतर. बोलेरोची रुंदी १७४५ मिमी, तुमची कॅरॅव्हॅन २१००, म्हणजे दोन्ही बाजूंना साधारण १७-१८ सेंमी ती बाहेर येते. आरशाची काच निदान तेवढी तरी बाहेर गेली पायजे आणि वर अजून थोडी, कारण नुसती भिंतीच्या रेषेत काच आली तर कॅरॅव्हॅनची कड तेवढी दिसेल, तिच्या पलीकडं चिकटून येणारी मोटारसायकल नाही. इंग्लंडमध्ये कॅरॅव्हॅनवाल्यांना नियमच आहे, ड्रायव्हरच्या २० मीटर मागं, कॅरॅव्हॅनच्या बाजूपासून ४ मीटर रुंदीचा पट्टा दोन्हीकडं दिसलाच पाहिजे. आपल्याकडं कुणी हे तपासायला येणार नाही, पण आपल्या खात्रीसाठी हे माप झकास आहे. मोकळ्या मैदानात गाडी सरळ जोडून उभी करा, तेवढ्या अंतरावर घरातला कुणीतरी उभा करा आणि त्याला कॅरॅव्हॅनच्या कडेपासून बाहेर बाहेर चालायला लावा, कुठून कुठपर्यंत दिसतोय ते बघा. हे ड्रायव्हर सीटवर नेहमीसारखं टेकून बसूनच करायचं, मान पुढं काढून नाही.

काचेचं म्हणाल तर माझं मत उजवीकडं सपाट, डावीकडं फुगीर. ओव्हरटेकला बाहेर निघताना मागनं येणारी गाडी खरोखर किती लांब आहे ते सपाट काचेतच कळतं.

शिरोली_ट्रान्सपोर्ट:
वरच्या भावाचं मापाचं सगळं बरोबर, पण डावीकडं नुसती फुगीर काच हे मला पटत नाही. फुगीर काचेत मागची गाडी लहान आणि लांब दिसते. तुम्ही एखादा ट्रॅक्टर ओव्हरटेक करून डावीकडं परत लेनमध्ये येताय, आरशात तो लांब दिसतोय म्हणून वळवलं स्टेअरिंग, आणि प्रत्यक्षात तो कॅरॅव्हॅनच्या मागच्या कोपऱ्यालाच आहे. नुसती गाडी असती तर निभावलं असतं, मागं एवढं लांब धूड असल्यावर नाही निभावत. म्हणून डावीकडं मोठी सपाट काच आणि तिच्या खाली वेगळी छोटी फुगीर, दोन्ही पायजेत. वरच्यात अंतर बघायचं, खालच्यात गावातनं जाताना डाव्या अंगानं घुसणाऱ्या टू-व्हीलर आणि वळणावर कॅरॅव्हॅनचं आतलं चाक. घाटात ते चाक गाडीच्या चाकाच्या मागोमाग येत नाही, आत कापत येतं, गटाराच्या कडेला जातंय का ते त्या खालच्या काचेतच दिसतं.

आणि काचेपेक्षा मोठी गोष्ट म्हणजे थरथर. बोलेरोचं इंजिन तीन सिलेंडरचं, आयडलला दरवाजापण थरथरतो, त्यात लांब दांड्यावर जड आरसा टांगला की मागचं सगळं पुसट. घ्यायच्या आधी लावून बघायला मागा. आयडलला बघा, मग हायवेला तावडे हॉटेलकडनं किणी टोलनाक्याच्या दिशेनं एक फेरी मारा, शेजारनं कंटेनर गेला की हवेचा जो दणका बसतो त्यात आरसा हलून फिरतो का बघा. मागच्या गाडीची नंबरप्लेट वाचता येत नसेल तर तो आरसा कितीपण महागाचा असू दे, परत करा.

ट्रकचा आरसा लावायला हरकत नाही, पण वर्कशॉपवाल्याला बजावून सांगा, बोलेरोच्या प्लॅस्टिकच्या आरशावर लोखंडी पाइप टांगायचा नाही, त्याचा सांधा ढिला होणारच. हलका अ‍ॅल्युमिनियमचा आर्म करा, दोन ठिकाणी आधार द्या, दरवाजाला लागतो तिथं रबर. आणि दणका बसला की आरसा मागं दुमडला पायजे, ही अट सोडू नका. ऊस भरलेल्या ट्रॉलीतनं कांडी बाहेर लोंबत असतात, अरुंद रस्त्यावर समोरनं आली की पहिला फटका उजव्या आरशालाच. फिक्स असला तर ब्रॅकेटसकट पत्रा ओढून नेतो.

रंकाळा_चौपाटी:
आम्ही दोघं घोड्याचा ट्रेलर ओढतो, आमच्याकडं पट्ट्यावाले आहेत. दादा ते वाईट नाहीत, पण लावायच्या आधी मूळ आरसा ओल्या फडक्यानं स्वच्छ पुसून घ्या, रबराखाली धुळीचा एक खडा राहिला की हलून हलून पेंट खरवडतो. पट्टा एकच असेल तर नको, दोन पट्टे किंवा खाली-वर दोन क्लॅम्प असलेले घ्या. आणि एक बारीक दोरी आरशापासून दरवाजाच्या हँडलला बांधून ठेवा, सुटला तरी रस्त्यावर मागच्या माणसावर जाऊन पडत नाही. थांब्यावर चहाला उतरलात की परत निघताना हातानं हलवून बघायचं, उन्हानं रबर मऊ होतं आणि पकड सैल पडते.

कॅमेरा जरूर लावा, रिव्हर्सला आणि हिच (गाडी-ट्रेलरचा सांधा) जोडायला फार उपयोगी. पण आरशाऐवजी नको. पावसात चिखल उडाला की लेन्स बंद, आणि वायरलेसवाल्यात चित्र क्षणभर उशिरा येतं, हायवेला तेवढा क्षण फार असतो.

दाजीपूर_वाट:
सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं नीट कुणी समजावून सांगितलं नव्हतं. आज टेपनं मोजलं, उजवीकडं मूळ आरशाची काच कॅरॅव्हॅनच्या रेषेच्या आतच राहतेय. शिरोलीवाले दादा, डावीकडं दोन काचा लावायच्या तर दोन्ही एकाच आर्मवर का वेगवेगळ्या?

शिरोली_ट्रान्सपोर्ट:
एकाच आर्मवर, पण प्रत्येक काचेचा बॉल जॉइंट वेगळा, म्हणजे एक सेट करताना दुसरी हलणार नाही. वरच्या काचेत कॅरॅव्हॅनची कड आतल्या बाजूला बोटभर दिसू दे, अजिबात न दिसणं पण बरोबर नाही, कारण मग आपण नेमकं कुठनं बघतोय त्याचा अंदाज राहत नाही. उंची अशी ठेवा की क्षितिज काचेच्या मध्यावर यावं. खालची फुगीर काच खाली झुकवा, कॅरॅव्हॅनचं टायर जिथं रस्त्याला टेकतं ते दिसेपर्यंत. मालवणला पोचून कॅरॅव्हॅन सोडलीत की आरसे काढून गाडीत ठेवा, बाजारातल्या गल्लीत नुसती बोलेरो फिरवताना ते बाहेर ठेवलेत तर चालत्या माणसाच्या डोक्याला लागतील.