एक महिना भरला की अपंगत्व पेन्शन: नियम ढिला की कडक?

सातपूरकर: आमच्या शॉपमधल्या एका सीएनसी ऑपरेटरला रविवारी घरीच पॅरालिसिस झाला, उजवी बाजू गेली. पीएफ कटायला लागून जेमतेम दोन वर्षं. कॉन्ट्रॅक्टरचा सुपरवायझर त्याच्या बायकोला सांगतोय की दहा वर्षं भरली नाहीत तर पेन्शन कसली, टेन-सी फॉर्म भरा आणि पैसे काढून मोकळे व्हा. अहो, दहा वर्षांची अट म्हातारपणीच्या पेन्शनला आहे! ईपीएस-९५ (पीएफसोबतची कर्मचारी पेन्शन योजना) च्या परिच्छेद १५ मध्ये सरळ लिहिलंय, नोकरीत असताना कायमचा आणि पूर्ण अपंग झाला आणि पेन्शन फंडात किमान एका महिन्याचं योगदान असेल तर पेन्शन लागू. अपघात कंपनीतच व्हायला पाहिजे असंही नाही. पेन्शन मागायचा फॉर्म टेन-डी. माझं मत, एक महिन्याची अट झकास आहे, गोची पुढे आहे. पूर्ण अपंग झाला तरच पेन्शन, थोडा अपंग झाला त्याला भोपळा. पटतंय का?

हिशेबात_पक्का: नाही पटत. १५ हजारांच्या सीलिंगवर (पगाराची कमाल मर्यादा) ८.३३ टक्के म्हणजे महिन्याला १२५० रुपये जातात, सरकारचे १.१६ टक्के वेगळे. १२५० एकदा भरायचे आणि आयुष्यभर किमान पेन्शनचे महिना हजार घ्यायचे? उद्या घरात कोणी आजारी पडत चाललंय म्हटल्यावर ओळखीच्या कारखान्यात एक महिना नाव लावून घेतील लोक, आपल्याकडे काय होत नाही! जर्मनीत बघा, पाच वर्षं सभासद पाहिजे आणि शेवटच्या पाचातली तीन वर्षं सक्तीचं योगदान भरलेलं पाहिजे. वर कामगाराचे स्वतःचे १२ टक्के तर पूर्ण पीएफलाच जातात, पेन्शनमध्ये मालकाच्या वाट्यातले जातात, म्हणजे याच्या खिशातून काय गेलं?

सातपूरकर: मालकाचा वाटा सीटीसीत (कंपनीचा आमच्यावरचा एकूण खर्च) धरूनच ऑफर लेटर देतात साहेब, तो आमचाच पगार. आणि टर्म प्लॅनचा पहिला हप्ता भरून माणूस पंधरा दिवसांत गेला तर विमा कंपनी म्हणते का की हप्ते कमी भरले?

हिशेबात_पक्का: विमा कंपनी आधी मेडिकल करते. इथे आत येताना कोण तपासतंय?

म्युनिककर_पुणेरी: जर्मनीचं नाव निघालं म्हणून लिहितो, इथे नोकरी करतो. अर्धीच गोष्ट सांगितलीत दादा. कामावर अपघात झाला तर ती पाच वर्षांची अट इथे साधारण गळून पडते. दुसरं म्हणजे इथे अर्धं अपंगत्वही धरतात, दिवसाला तीन तासही काम जमत नसेल तर पूर्ण पेन्शन, तीन ते सहाच्या मधे जमत असेल तर अर्धी. आणि सगळ्यात मोठा फरक, इथला नियम मागे वळून बघतो. गेल्या पाचात तीन वर्षं भरली असतील तर आज नोकरी नसली तरी हक्क लगेच जात नाही. अमेरिकेतही तसंच, साधारण ४० क्रेडिट (काम करून योगदान भरल्याचे गुण), त्यातली २० शेवटच्या दहा वर्षांतली, तरुणांना कमी लागतात, म्हणजे काम सुटल्यावरही काही वर्षं कव्हर राहतं. आपल्याकडे आत शिरायला एक महिना पुरतो पण नोकरी सुटली की दार बंद. भारत-जर्मनी करार २०१७ पासून लागू आहे त्यामुळे तिकडची वर्षं इकडे पात्रतेला धरतात, पैसे मात्र ज्याने त्याने आपापल्या हिश्शाचे द्यायचे. अमेरिकेशी असा करार नाही, तिथे एच-वन व्हिसावर राहून परत आलेल्यांना विचारा काय वाटतं.

ब्रेकवाली_पोरं: हेच हेच! आम्हा कॉन्ट्रॅक्टवाल्यांना मधे ब्रेक देतात, एखादा महिना घरी बसायचं, नंतर नवीन कॉन्ट्रॅक्टर, यूएएन (पीएफचा कायमचा नंबर) तोच. सात वर्षं भरलेला माणूस त्या ब्रेकच्या महिन्यात पडला तर 'नोकरीत असताना' मधे बसत नाही, आणि परवा लागलेला बसतो. याला न्याय म्हणायचं का? एक महिना ढिला म्हणणाऱ्यांनी याच्यावर बोला जरा.

हिशेबात_पक्का: यावर मी तुमच्या बाजूने आहे. म्हणून तर म्हणतोय की मागची वर्षं मोजा! तीन वर्षं भरलेल्याला ब्रेकमधेही कव्हर द्या, आणि बदल्यात आत येतानाची अट वाढवा, सहा महिने तरी.

सातपूरकर: सहा महिने केले की कॉन्ट्रॅक्टर पाचव्या महिन्यात बदलतील. ग्रॅच्युइटीच्या वर्षांच्या अटीचं काय केलं ते बघितलंय आम्ही.

फाईल_घेऊन_फिरणारा: मूळ पोस्टमधे एक दुरुस्ती. मेडिकल बोर्डाने बघायचं असतं ते हे की अपंगत्व आलं तेव्हा जे काम करत होता त्या कामाला माणूस कायमचा आणि पूर्ण निकामी झाला का. जगातलं कुठलंच काम जमत नाही असं सिद्ध करायचं नाहीये. ड्रायव्हरची नजर गेली तर तो बसून पाकिटं चिकटवू शकतो का हा प्रश्नच येत नाही. नियम वाटतो तेवढा कडक नाही, लोकच सर्टिफिकेटवरचा टक्का बघून घरी बसतात. कामाचं स्वरूप लिहिलेलं कंपनीचं पत्र जोडा, त्यावर बरंच अवलंबून असतं.

तळोजा_शिफ्ट_बी: आणि ईएसआय, म्हणजे कामगारांचा सरकारी विमा, विसरलात का सगळे? कामावर इजा झाली तर तिथे योगदानाची अटच नाही, पहिल्या दिवशी हात गेला तरी कव्हर, आणि अर्धवट अपंगत्वही टक्क्यात मोजतात. अंगठा गेला तर कमाईची ताकद ३० टक्के गेली असं धरतात. रोज ६०० असेल तर त्याच्या ९० टक्के म्हणजे ५४०, त्याचे ३० टक्के १६२ रुपये रोज, महिन्याला पाच हजाराच्या आसपास, जन्मभर. ईपीएसमधे पूर्ण अपंग होऊन हजार! पण पगार २१ हजारांच्या वर गेला की ईएसआय बंद, आणि घरी झालेल्या पॅरालिसिसला हा बेनिफिट नाही.

अंगणवाडीताई: मी तर म्हणते हिशेबच उलटा झालाय. संजय गांधी निराधारमधे दिव्यांगांना २०२५ पासून महिना २५०० झाले, त्यात एक रुपया भरावा लागत नाही, उत्पन्नाचा दाखला ५० हजारांच्या आतला पाहिजे एवढंच (तो मिळवताना चप्पल झिजते ते वेगळं). आणि ज्याच्या नावाने फंडात पैसे गेले त्याला हजार. भरणारा येडा का?

हिशेबात_पक्का: ताई, ती मदत आहे, ही पेन्शन आहे, दोन्हीची तुलना नको.

अंगणवाडीताई: किराणावाला विचारत नाही हो नोट मदतीची की पेन्शनची.

तळोजा_शिफ्ट_बी: खरा घोळ फॉर्म्युल्यात आहे. पगार गुणिले वर्षं भागिले ७०. १५ हजार गुणिले दोन भागिले ७० केलं की ४२८ येतात, म्हणून किमान हजारावर आणून ठेवतात, तेही २०१४ पासून हललेलं नाही. दहा वर्षं भरलेल्याचे २१४३. म्हातारपणाच्या पेन्शनला हे गणित ठीक असेल, पस्तिशीत पडलेल्या माणसाला उरलेली वर्षं भरायची संधीच मिळाली नाही तर त्याची वर्षं मोजून कसं चालेल? एक महिना की सहा महिने यावर भांडण करून काय, हातात येणार हजारच.

हिशेबात_पक्का: मान्य, रक्कम हास्यास्पद आहे. पण वाढवायची तर पैसे कुठून? एक महिन्यावर हजाराऐवजी पाच हजार द्या म्हणालात की मग आत येतानाची अट लावावीच लागेल. दोन्ही पाहिजे म्हणू नका.

ब्रेकवाली_पोरं: सीलिंग वाढवा ना १५ हजारावरून, योगदान आपोआप वाढेल. ३० हजार पगारवाल्याचंही १५ वरच कापतात.

हिशेबात_पक्का: तेवढाच पीएफमधे जाणारा हिस्सा कमी होईल, ते चालेल का तुम्हाला? पहिले तुम्हीच ओरडाल.

सातपूरकर: चालेल की नाही ते शॉपफ्लोअरवर विचारू उद्या. बाकी @फाईल_घेऊन_फिरणारा, ते कामाच्या स्वरूपाचं पत्र कॉन्ट्रॅक्टरचं चालतं का मूळ कंपनीचं लागतं? त्याच्या पासबुकात दोन्ही कॉन्ट्रॅक्टरच्या एन्ट्री दिसतायत.