नुकतंच वाचायला लागलेल्या मुलासाठी गोष्टीची पुस्तकं की माहितीची?

उनाडवारा:
मुलगा साडेसहाचा आहे. काना, मात्रा, वेलांटी जमतं, जोडाक्षर आलं की थबकतो, चार-पाच ओळी झाल्या की मान टाकतो. एवढं चालतंच म्हणा या वयात. अडचण वेगळी आहे. गोष्टीचं पुस्तक समोर ठेवलं की "हे नको", आणि किडे, डायनासोर, क्रेन, ग्रह यातलं काहीही दिलं की पठ्ठ्या हलत नाही जागचा. पण ती पुस्तकं त्याला वाचता येत नाहीत, चित्रं बघतो आणि मजकूर आम्हाला वाचायला लावतो. टीचर म्हणतात आधी गोष्टींवर वाचन पक्कं होऊ दे, माहिती नंतर. नवरा म्हणतो त्याला आवडतंय ते आण आणि गप्प बस. बरं, सोपी म्हणून आणलेली पुस्तकं दोन दिवसात तोंडपाठ होतात, मग तो वाचतोय की म्हणून दाखवतोय तेच कळत नाही. तुम्ही लोक पुस्तक निवडताना नेमकं काय बघता? वयोगट छापलेला असतो त्यावर जायचं का?

पाटीपेन्सिल:
मी पहिली-दुसरीला शिकवते. वयोगटावर अजिबात जाऊ नका, तो विकणाऱ्याच्या सोयीसाठी असतो, एकाच वर्गात एक मूल सरसर वाचत असतं आणि शेजारचं क आणि फ मध्ये अडकलेलं असतं.

आधी एक ठरवून टाका, की हे पुस्तक तो स्वतः वाचणार आहे की तुम्ही वाचून दाखवणार. ही दोन कामं वेगळी आहेत आणि बहुतेक घरांत एकाच पुस्तकाकडून दोन्हीची अपेक्षा असते, मग सगळेच वैतागतात. गॉफ आणि टनमर या दोघांनी 1986 साली वाचनाचं एक साधं सूत्र मांडलं होतं, अक्षरं जुळवून शब्द ओळखता येणं गुणिले भाषा समजणं. बेरीज नाही बरं का, गुणाकार. म्हणजे एक बाजू शून्य असेल तर उत्तर शून्यच. स्वतः वाचायच्या सोप्या पुस्तकांनी पहिली बाजू वाढते, आणि डायनासोरचं जाड पुस्तक तुम्ही वाचून दाखवता ना, त्याने दुसरी. त्यामुळे ते "वाचता येत नाही" म्हणून काढून घेऊ नका प्लीज.

पाठांतराचं म्हणाल तर चित्र हाताने झाका आणि मधलंच एखादं पान उघडा. सोप्या पुस्तकांत बऱ्याचदा एकच वाक्य दहा वेळा असतं, "हा अमुक पळतो, ही तमुक पळते", मूल चित्र बघून प्राण्याचं नाव ठोकून देतं आणि बाकीचं चालीवर म्हणतं. अशी एखाद-दोन पुस्तकं असू देत, मुलांना आपण वाचतोय असं वाटून जोर येतो, पण सगळी तसलीच नकोत. त्याला येणारी अक्षरं आणि चिन्हं जास्त असलेला पण पुढचा शब्द कोणता येईल ते आधीच सांगता येणार नाही असा मजकूर शोधा. जोडाक्षरं पानावर एखादं-दुसरंच. "क्क", "च्च", "ल्ल" लवकर जमतात, र चे सगळे प्रकार (रफार, पायमोडका, पोटात रेघ मारलेला) डोक्याला ताप, ते सावकाश येऊ देत.

बोरूबहाद्दर:
पाच बोटांचा नियम आहे की, एक पान वाचायला द्यायचं, अडलेल्या प्रत्येक शब्दाला एक बोट, पाच बोटं झाली की पुस्तक अवघड. सोप्पं आहे, एवढा विचार कशाला.

पाटीपेन्सिल:
@बोरूबहाद्दर, तो नियम पानावर शंभरेक शब्द असतील तिथे बरा चालतो. याच्या पुस्तकात पानावर असतात बारा शब्द, त्यात पाच अडले म्हणजे जवळपास निम्मं पान गेलं! एवढ्या लहानांना बाराला एक, फार तर दीड :) आणि अडला म्हणजे अजिबात आला नाही, की थांबून जुळवून आला, हेही बघा. जुळवून आला तर ते उत्तम, तेच तर हवंय.

जिल्द:
लायब्ररीत लहान मुलांचा विभाग बघतो त्यामुळे या विषयावर जरा जास्त बोलणार, सांभाळून घ्या.

"आधी गोष्टी, माहिती नंतर" हे मला पटत नाही. नेल ड्यूक या बाईंनी अमेरिकेत पहिलीच्या 20 वर्गांत बसून पाहणी केली होती, 2000 साली छापून आली, तर मुलांच्या वाट्याला माहितीपर लिखाण दिवसाला सरासरी 3.6 मिनिटं येत होतं. आणि नंतर चौथी-पाचवीत एकदम विज्ञान-भूगोलाची पुस्तकं अंगावर येतात, मग मुलांना समजत नाही याचं आपल्याला आश्चर्य वाटतं. विषय माहीत असला की मजकूर सोपा होतो हे तर रोज बघतो मी. किड्यांवर जीव असलेलं पोरगं "सुरवंट" हा शब्द पटकन वाचतं कारण तो कानावरून शंभरदा गेलेला असतो, तेच पोरगं गोष्टीतल्या "अमात्य"वर अडकतं.

पण माहितीची पुस्तकं निवडणं जास्त कटकटीचं, हे खरं. गोष्ट फसली तर कंटाळा येतो, माहितीचं पुस्तक फसलं तर चुकीचं डोक्यात बसतं. मी आपल्याला नक्की ठाऊक असलेली एखादी गोष्ट त्यात शोधतो. कोळ्याला कीटक म्हटलंय का (आठ पायांचा कीटक नसतो), उडणारे टेरोसॉर डायनासोरमध्ये घातलेत का, जिभेच्या टोकाला गोड आणि मागे कडू असला नकाशा आहे का, ग्रह नऊ आहेत का. प्लूटो 2006 मध्येच बटुग्रह झाला, अजून नऊ छापत असतील तर पुस्तक जुनं आहे किंवा कुणी तपासलेलं नाही, दोन्ही वाईटच.

दुसरं म्हणजे भाषा. बरीच पुस्तकं अनुवादित असतात आणि "या कीटकाद्वारे आपल्या भक्ष्यास पकडले जाते" अशी वाक्यं असतात, अरे "हा किडा असं भक्ष्य पकडतो" म्हणा ना! मोठ्याने एक पान वाचून बघा, तुमचीच जीभ अडखळली तर ठेवून द्या. अवघड शब्दाला मात्र घाबरू नका, "कोष", "जीवाश्म" असले शब्द मुलं आवडीने मिरवतात, फक्त तो शब्द चित्राशेजारी किंवा त्याच वाक्यात उलगडलेला हवा.

तिसरं पान कसं मांडलंय. चित्राच्या अंगावर पांढऱ्या अक्षरात छापलेला मजकूर, एका पानावर सात चौकटी आणि बाण, शब्द ओळीच्या शेवटी तोडलेला, हे सगळं नवीन वाचणाऱ्याला जड जातं. टाइपसुद्धा बघा. मराठी वळणाचा ल आणि श शिकलेलं मूल हिंदी वळणाच्या टाइपात तीच अक्षरं बघून बावरतं, आणि आपल्याला वाटतं याला ल येत नाही.

उनाडवारा:
ल चं तर आमच्याकडे शब्दशः हेच झालंय!! मला वाटलं विसरला. जिल्द, एक विचारू का, त्याच्या पुस्तकात पानावर खूप मजकूर असतो, पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून दाखवायचं म्हटलं तर तो पान उलटून पुढे पळतो. तसं चालतं का? आणि बोलणारी क्रेन, चष्मा घातलेली मुंगी असली "गोष्टीतून माहिती" पुस्तकं कशी वाटतात?

जिल्द:
पळू देत. माहितीचं पुस्तक कुठूनही उघडायचं असतं, आपणही तसंच वाचतो. उलट त्याला अनुक्रमणिका दाखवा, "विंचू कुठल्या पानावर आहे बघ" म्हणा, तेवढा एक शब्द आणि आकडा तो स्वतः वाचेल. चित्राखालच्या ओळी, आकृतीवरची नावं ही पण त्याच्याकडून, परिच्छेद तुमच्याकडे. म्हणजे ज्याला "वाचता येत नाही" म्हणताय त्याच पुस्तकात त्याचं वाचन झालं की नाही?

चष्मेवाल्या मुंगीबद्दल माझं मत जरा कडक आहे. मुंगी खरंच वास सोडून रस्ता दाखवते आणि चष्मा खोटा, हे सहा वर्षांच्या मुलाने कसं ओळखायचं? त्यापेक्षा बेडकाच्या अंड्यापासून बेडकापर्यंत असं खरं घडणारं सांगणारी पुस्तकं चांगली, त्यात गोष्टीसारखं "पुढे काय" असतं आणि काही खोटंही सांगावं लागत नाही.

काठावरचा:
आमची मुलगी पण बोलणारी मुंगीवालीच आहे आणि तिला नीट कळतं काय खरं काय खोटं. मुलं एवढी भोळी नसतात हो. विचारून घ्यायचं फक्त, "यातलं खरं काय?", तिला तो खेळच वाटतो.

जिल्द:
मान्य, विचारणारं कुणी शेजारी बसलेलं असेल तर मुंगीने गॉगल घातला तरी चालेल.

शाईचाडाग:
गोष्टींच्या बाजूनेही कुणीतरी बोला की. "गोष्ट नको" म्हणणारी बरीच मुलं गोष्टीला नाही, शेवटच्या पानावरच्या उपदेशाला कंटाळलेली असतात. खोटं बोललेला ससा शेवटी माफी मागतो हे त्यांना पहिल्या पानावरच कळतं, मग वाचायचं कशाला. उनाडवारा, घरातल्या गोष्टी काढून बघा किती अशा आहेत. त्याऐवजी काहीतरी अडलंय, हरवलंय, फजिती झालीय अशी गोष्ट द्या, वाक्य छोटी, संवाद भरपूर, चित्रात असं काही गंमतशीर की जे मजकुरात सांगितलेलंच नाही. तसंच एकाच पात्राची तीन-चार पुस्तकं असतील तर भारी, पहिल्यात नावं आणि माणसं ओळखीची झाली की दुसरं आपोआप सोपं जातं. आणि विषय त्याचाच घ्या ना, क्रेन चालवणाऱ्या बाईची गोष्ट असू शकते, खोदकामात हाड सापडलेल्या मुलीची असू शकते. माणसाच्या मनात काय चाललंय हे किड्यांच्या पुस्तकात नाही मिळत, त्यासाठी गोष्ट लागतेच.

ऑनलाइन चालत असेल तर स्टोरीवीव्हर बघा, प्रथम बुक्सने 2015 मध्ये सुरू केलंय, मराठीत पण भरपूर आहे, फुकट आहे, प्रिंट काढलं तरी चालतं. तिथे चार पातळ्या आहेत, पहिलीत अडीचशेपेक्षा कमी शब्द, दुसरीत सहाशेपर्यंत. पण पातळी शब्दसंख्येवर फार जाते, पहिल्या पातळीतही मधेच "आश्चर्य" येऊन बसतं, तेव्हा आधी स्वतः चाळा.

उनाडवारा:
घरात मोजून आले, बारापैकी नऊ गोष्टींत शेवटी कुणीतरी शहाणं होतंय. आता कळलं. आज विंचवाचं पान त्यानेच शोधलं, आकडा वाचून, आणि नांगी, पाय, डोळे वगैरे बाणांवरचं सगळं त्याने वाचलं, "विषग्रंथी"वर अडला आणि मला म्हणाला हा तुझा शब्द.

पाटीपेन्सिल:
विषग्रंथी दुसरीतल्या निम्म्या वर्गाला येणार नाही, तुमचाच राहू दे तो :) उद्या त्याच पानावरचे तुमचे शब्द किती आणि त्याचे किती असं वाटून घ्या, आणि पुढच्या आठवड्यात परत वाटा.