ऑइल फिल्टर कुठला टाकता? गाडीवाल्यांनो, तुमचे अनुभव लिहा

कृष्णाकाठ
आज सकाळी शेजारच्यांची गाडी चालू झाली आणि दोन-तीन सेकंद टकटकटक वाजून मग गप झाली. तो आवाज ऐकून मला एकदम आमच्या बाबांचं मिरज रोडचं गॅरेज आठवलं. असा आवाज आला की बाबा बोनेट उघडायच्या आधीच विचारायचे, फिल्टर कुठला टाकलाय?

बाबा काढलेला जुना फिल्टर फेकायचे नाहीत. तेल निथळू द्यायचे आणि मग हेक्सॉ ब्लेडनं पत्रा कापून गिऱ्हाइकासमोर आतला कागद उलगडून दाखवायचे. चांगल्या फिल्टरमध्ये कागदाच्या चुण्या भरपूर आणि एकसारख्या, मधली भोकाची नळी दणकट, तोंडाशी मऊ रबराची चकती. हलक्यात चुण्या मोजक्याच, त्यापण एकमेकींना चिकटलेल्या, डिंक सुटलेला, रबर दगडासारखं कडक. बाहेरून मात्र दोन्ही डबे सारखेच चकचकीत, म्हणून तर लोक फसतात.

ती रबराची चकती लय महत्त्वाची बरं का. गाडी बंद केली की तेल खाली चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाच्या बुडाच्या तेलाच्या टाकीत उतरतं, तेव्हा फिल्टरमधलं तेल ती अडवून धरते. ती कडक झाली की रात्रभरात फिल्टर रिकामा होतो, सकाळी पंप आधी फिल्टर भरणार आणि मग वर हेडला, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागाला तेल पोचणार, तोवर वरचे पार्ट कोरडे चालतात. ज्या गाडीत फिल्टर आडवा नाहीतर उलटा बसतो तिथं हे जास्त होतं.

मी गाडीच्या कंपनीचाच घेतो, नाहीतर बॉश, माहले, प्युरोलेटर, एलोफिक असल्या नावाजलेल्या मेकचा, आणि तोही त्यांच्या यादीत माझ्या मॉडेलसमोर जो नंबर दिलाय तोच. बिल घेतल्याशिवाय नाही. हजारोंचं तेल टाकायचं आणि शे-दीडशेच्या फिल्टरवर पैसे वाचवायचे हे मला पटतच नाही. तुमचं काय? लिहा सगळ्यांनी.

मिरजकर
मिरज रोडला कुठं होतं हो गॅरेज? वानलेसवाडीच्या अलीकडं का? तिथं एक काका होते, गाडीखाली झोपूनच गिऱ्हाइकाशी बोलायचे.

कृष्णाकाठ
@मिरजकर व्हय तेच!! तुमची कुठली गाडी होती?

मिरजकर
प्रीमियर पद्मिनी, क्रीम कलर, वडिलांची. काकांनी लय सांभाळली ती गाडी. बाबा कसे आहेत आता?

कृष्णाकाठ
गेले हो, कोविडच्या आधीच. पण पद्मिनी म्हटल्यावर आईला सांगतो, तिला गिऱ्हाइकांच्या गाड्या रंगासकट आठवतात.

मिरजकर
वाईट वाटलं ऐकून. फार प्रामाणिक माणूस. आईंना नमस्कार सांगा.

घाटवाट, सातारा
मी रोज यवतेश्वर घाट चढतो कासकडं जायला, गाडी पेट्रोल आहे, मागं एका दुकानात फिल्टर मागितला तर त्यानं दुसऱ्याच गाडीचा दिला वर म्हणाला आटे तेच आहेत बसतोय की, डबा पण मोठा आहे जास्त तेल मावेल फायदाच आहे, मी तिथंच थांबलो आणि परत दिला कारण आटे बसले म्हणजे सगळं बसलं असं नसतं, वायसरचा, म्हणजे तेल गळू नये म्हणून डब्याच्या तोंडावर असलेल्या रबरी रिंगचा व्यास वेगळा असला तर सीटवर नीट दाबत नाही आणि आतला बायपास वॉल किती दाबाला उघडतो तेपण गाडीगणिक वेगळं असतं. फिल्टर चोंदला किंवा तेल थंडीनं घट्ट झालं की हा वॉल उघडतो आणि तेल न गाळता सरळ इंजिनला जातं, कारण तेलच न मिळण्यापेक्षा न गाळलेलं परवडलं. बऱ्याच छोट्या गाड्यांत तो साधारण १ बारच्या आसपास उघडतो. आता हलक्या फिल्टरची स्प्रिंग ढिली असली तर वॉल कायमच थोडा उघडा, म्हणजे कागद कितीही चांगला असू दे तेल त्यातनं जातच नाही. आमच्या महाबळेश्वरच्या पाहुण्यांना डिसेंबरात पहाटे गाडी काढायची असली की मी सांगतो, चालू केल्यावर लगेच रेस करू नका, तेल पातळ होऊन कागदातनं जाऊ द्या.

पोवईनाका
@घाटवाट कासला फुलं आली का? रविवारी यायचा विचार आहे पोरांना घेऊन

घाटवाट, सातारा
सुरुवात झालीये. रविवारी नका येऊ, गर्दी असते. मधल्या वारी या आणि बुकिंग करून या.

सईची आई, विश्रामबाग
मी रोज गाडी चालवते, शाळा आणि बँक, रनिंग कमी. सर्व्हिसिंगला दिली की मेकॅनिक म्हणतात मॅडम तेल बदलूया फिल्टर पुढच्या वेळी, अजून चांगला आहे. बाहेरून बघून कसं कळतं चांगला आहे ते? कोणीतरी नीट सांगा, कुकर लावलाय, नंतर येऊन वाचते.

कृष्णाकाठ
ताई बाहेरून काहीच कळत नाही. आणि जुन्या फिल्टरमध्ये पावभर काळं तेल तसंच राहतं, ते नव्यात मिसळतं. तेलाबरोबर फिल्टर बदलायचाच. मारुतीच्या पेट्रोल गाड्यांना १०,००० किलोमीटर नाहीतर १ वर्ष, जे आधी होईल ते. तुमचं रनिंग कमी आहे तर वर्ष धरा. कमी चालणाऱ्या गाडीचं इंजिन पुरतं तापत नाही, त्यामुळं तेलात पाण्याचा अंश साठतो, किलोमीटर झाले नाहीत म्हणून थांबू नका.

सईची आई, विश्रामबाग
धन्यवाद दादा. यावेळी फिल्टर मीच घेऊन जाते दुकानातनं.

पेठनाका
डिझेलवाल्यांनी लक्ष द्या. माझी १.३ डिझेल स्विफ्ट, फियाटचं इंजिन. त्यात डबा नसतो, नुसता कागदी एलिमेंट, कॅप उघडून आत बसवायचा. बरोबर नवीन ओरिंग येते, म्हणजे कॅपमधनं तेल गळू नये म्हणून लावायची रबरी कडी. एका गॅरेजवाल्यानं नवी ओरिंग पिशवीतच ठेवली, जुनीच बसवली. कासेगावच्या पुढं गेलो तर जळक्या तेलाचा वास, खाली बघतो तर थेंब थेंब गळतंय. गाडी जागेवर बंद केली म्हणून इंजिन वाचलं. तेव्हापासनं मी समोर उभा राहतो. ओरिंग बदलली का, एलिमेंट तळापर्यंत दाबला का, कॅप पान्यानं किती आवळली, सगळं बघतो. प्लॅस्टिक कॅप असते तिच्यावर बऱ्याचदा आवळायचा आकडा छापलेला असतो, बऱ्याच गाड्यांत २५ न्यूटन मीटर. जोर लावला की कॅप तडकते.

या इंजिनाला टायमिंग चेन आहे आणि चेन ताणून धरणारा टेन्शनर तेलाच्या दाबावर चालतो, टर्बोचं बेअरिंग पण तेलावरच. म्हणजे फिल्टरनं दगा दिला की बिल कुठं जातं विचार करा.

डोंगरी पोरगा
मारुतीनं डिझेलच बंद केलं ना २०२० ला, वाईट झालं. ते इंजिन म्हणजे नाद खुळा होतं, अॅव्हरेज काय द्यायचं

पेठनाका
@डोंगरी पोरगा भावा विकणार नाही मी ही गाडी. पोराला देणार.

हरिपूर
२०१९ च्या ऑगस्टमधला पूर. गाडी पार्किंगमध्ये, पाणी बोनेटच्या वर. पाणी उतरल्यावर भाऊ चावी घेऊन निघालेला, त्याला म्हटलं हात लावू नकोस, स्टार्टर मारायचा नाही. टो करून नेली. चेंबरचा नट काढला तर तेल दूध घातलेल्या चहासारखं. मेकॅनिकनं तेल आणि फिल्टर दोन्ही काढलं, नवीन टाकून इंजिन थोडा वेळ चालवलं, परत दोन्ही बदललं. मी विचारलं दुसऱ्यांदा फिल्टर कशाला, नवाच आहे. तो म्हणाला कागदाला पाणी लागलं की तो फुगतो, मऊ पडतो, फाटला तर आतली घाण सगळी इंजिनात. दोन्ही फिल्टर त्यानं कापून दाखवले. दुसऱ्यात पण गढूळ थर होता. गाडी आजही चालू आहे. पुराच्या पट्ट्यात राहणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा, विमावाल्यांना फोटो काढून कळवायचं आणि चावी फिरवायची नाही.

गावभाग
आमचं दुकान तळमजल्याला, सगळा माल गेला त्यावेळी. अजून पाऊस वाढला की आयर्विन पुलावर जाऊन पातळी बघून येतो.

हरिपूर
@गावभाग आपण सगळेच जातो. आणि २०२१ ला परत. हिंमत धरा, पुन्हा उभं केलंत ना दुकान.

गावभाग
केलं. आता माल वरच्या मजल्यावर.

कुंडल रोड
किर्लोस्करवाडीत नोकरी झाली, आता निवृत्त आहे, त्यामुळे जरा लांबलचक लिहितो. दुकानदार सांगतात हा फिल्टर २० मायक्रॉनचा, तो ३० मायक्रॉनचा, म्हणजे एवढ्या आकाराचे कण अडवणारा; एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाडीचा असतो, म्हणजे डोळ्याला न दिसणारे कण पकडायचे असतात हे खरं. पण नुसता मायक्रॉनचा आकडा अर्धवट आहे. २० मायक्रॉनचे शंभरातले पन्नास कण अडवणारा पण स्वतःला २० मायक्रॉनचा म्हणवतो आणि नव्व्याण्णव अडवणारा पण. दोघांत जमीन-अस्मानाचा फरक. किती टक्के अडवतो ते विचारायचं. त्यासाठी आयएसओ ४५४८-१२ नावाची चाचणी असते, त्यात धूळ मिसळलेलं तेल फिल्टरमधनं परत परत फिरवतात आणि आधीचे-नंतरचे कण मोजतात. चांगले मेकर हा आकडा देतात. आणि फार बारीक गाळणाराच चांगला असंही नाही, बारीक कागद कमी जागेत दिला तर लवकर चोंदतो आणि वर घाटवाट यांनी लिहिल्याप्रमाणे बायपास उघडतो. कागदाचं क्षेत्रफळ, म्हणजे चुण्या किती, ते बघायचं. कृष्णाकाठ, तुमचे वडील फिल्टर कापून नेमकं तेच दाखवत होते.

कृष्णाकाठ
काका हे वाचून फार बरं वाटलं.

जतचा गडी
आमच्याकडं धुरळा म्हंजे धुरळा. एअर फिल्टरकडं बगा आधी! तिथनं माती आत शिरली की ऑइल फिल्टर किती पण भारी घ्या लवकर भरणार. मी एअर फिल्टर लवकर बदलतो आन ऑइलचा पुस्तकात खडतर वापराचा जो आकडा हाय त्यावर बदलतो.

सीएनजी मिरज
माझं तेल काळं पडत नाही सीएनजीला. मग बदलू का नको फिल्टर?

जतचा गडी
बदला की. रंग साफ दिसला म्हणून इंजिनाचा कीस थांबत नाय, तेल पण तापून म्हातारं होतंच.

काउंटरवाला
माझं स्पेअर पार्टचं काउंटर आहे, गाव लिहित नाही, उगाच जाहिरात वाटायला नको. डुप्लिकेट माल येतो, हे खरं आहे आणि आम्हालाही त्याचा त्रास होतो, कारण गिऱ्हाईक आमच्याच नावानं ओरडतं. बघायचं असं. बॉक्सवर एमआरपीचं लेबल आणि होलोग्राम आहे का, छपाई फिकी किंवा अक्षरं चुकलेली आहेत का, बॉक्सवरचा पार्ट नंबर आणि डब्यावरचा नंबर एकच आहे का. आतल्या आट्यांवर बोट फिरवा, कीस लागता कामा नये. रबरी वायसर खाचेत सगळीकडून सारखं बसलेलं हवं. तोंडातनं आत बघा, चकती मऊ आहे का ते बोटानं हलकं दाबून कळतं. आणि मॉडेलचं नाव सांगून मागू नका, एकाच नावाच्या गाडीत वर्षागणिक इंजिन बदलतं. आरसीवरचा चासी नंबर सांगा, आम्ही त्यावरनं पार्ट काढतो.

एक कळकळीची विनंती, नवा फिल्टर बसवला की रिकामा बॉक्स फाडून टाका. चांगले बॉक्स भंगारातनं गोळा करून त्यातच खोटा माल भरतात.

सईची आई, विश्रामबाग
हे बॉक्सचं माहीतच नव्हतं!! आजपासून फाडणार. आरसीचा फोटो घेऊन आले तर चालेल ना दुकानात?

काउंटरवाला
चालेल ताई, नंबर स्पष्ट दिसू दे फक्त.

कृष्णाकाठ
बसवायचं पण लिहितो, डबा फिल्टरवाल्यांसाठी. जुना काढल्यावर त्याचं वायसर इंजिनाला चिकटून राहिलं नाही ना ते हात फिरवून बघायचं, राहिलं आणि त्यावर नवा बसला तर दोन वायसरं होतात आणि तेल दाबानं बाहेर उडतं. नव्या वायसरला बोटानं तेल लावायचं. हातानं फिरवत न्यायचा, वायसर टेकलं की तिथनं साधारण पाऊण आटा, नाहीतर डब्यावर लिहिलंय तितकं. पाना फक्त काढायला. मग चालू करून तेलाचा दिवा विझला का, खाली गळतंय का बघायचं, बंद करून तेल बसल्यावर डिपस्टिक बघायची.

माधवनगर
जुनं तेल कुणाकडं असेल तर द्या, गोठ्याच्या लाकडी खांबांना लावायचंय, वाळवी लागलीये

कुंडल रोड
@माधवनगर खांबाला नका लावू हो, जनावरं चाटतात, अंग घासतात. जळकं ऑइल २०१६ च्या नियमांप्रमाणे घातक कचऱ्यात धरलंय. गॅरेजच्या पिंपात द्यायचं, ते रीसायकलवाले नेतात. फिल्टरपण पालथा ठेवून रात्रभर निथळून मग द्यावा. ओढ्यात किंवा पाटात तर अजिबात नको, ते कृष्णेतच येतं आणि तेच पाणी आपण पितो.

माधवनगर
बरं काका, नाही लावत. मग वाळवीला काय?

कुंडल रोड
खांबाचं बूड जमिनीपासून वर घ्या, सिमेंटचा कट्टा करून त्यावर बसवा.

तुरची फाटा
ट्रॅक्टरला पण हेच सगळं लागू का? मीटर बंद आहे, किलोमीटर कळत नाही

काउंटरवाला
ट्रॅक्टरला किलोमीटर नसतात दादा, तास असतात. बऱ्याच ट्रॅक्टरना २५० तासांना तेल आणि फिल्टर, तुमच्या पुस्तकात बघून घ्या. आधी तासाचा मीटर दुरुस्त करा. आणि ऊसतोड सुरू व्हायच्या आत उरका, एकदा कारखाने पेटले की फिटर मिळत नाही.