खासगी महाविद्यालयांचे अनुभव : इंदूरच्या मराठी घरांतून

आवाहन (लोकमान्य नगर)

बारावीचा निकाल लागला की आपल्या घरांतले फोन वाजू लागतात आणि सीटा भरत आल्या आहेत, आजच थोडी रक्कम भरून जागा पक्की करा, असा आग्रह सुरू होतो. आपल्या देशात खासगी महाविद्यालय साधारणपणे न्यास, सोसायटी किंवा ना-नफा कंपनीच्या नावाने चालवले जाते. सर्वोच्च न्यायालयाच्या 11 न्यायमूर्तींच्या पीठाने 2002 साली टी. एम. ए. पै फाउंडेशन खटल्यात संस्थेला विस्तारासाठी वाजवी शिल्लक ठेवण्याची मुभा दिली, पण नफेखोरी आणि कॅपिटेशन फी (प्रवेशासाठी ठरलेल्या शुल्काबाहेर घेतलेली रक्कम) यांना मनाई केली. मध्य प्रदेशाने खासगी व्यावसायिक महाविद्यालयांचे प्रवेश आणि शुल्क यांवर नियंत्रण ठेवणारा कायदा 2007 साली केला आणि 2016 साली घटनापीठाने तो वैध ठरवला; तो खटला आपल्या इंदूरच्याच एका दंत महाविद्यालयाच्या नावाने ओळखला जातो. कायदा इतका स्पष्ट असताना खंडवा रोडपासून बायपासपर्यंतच्या महाविद्यालयांत आपल्या मुलांच्या वाट्याला प्रत्यक्षात काय आले, ते येथे सविस्तर लिहावे. संस्थेचे नाव लिहू नये. शाखा आणि कागदपत्रांचे तपशील मात्र जरूर द्यावेत. प्रवेश होताच विद्यार्थ्याची मूळ कागदपत्रे, परीक्षेचा अर्ज आणि पुढची वर्षे संस्थेच्या ताब्यात जातात, आणि नफ्याचे खरे मूळ मला तेथेच दिसते.

एक आई, सुदामा नगर

माझ्या मुलाने पहिल्या फेरीनंतर घाबरून एका खासगी अभियांत्रिकी महाविद्यालयात प्रवेश घेतला. त्यांनी दहावी-बारावीच्या मूळ मार्कशीट आणि टीसी ठेवून घेतली व पावती फक्त पैशांची दिली. पुढच्या फेरीत त्याला सरकारी अनुदान असलेल्या महाविद्यालयात जागा मिळाली, तेव्हा चारही वर्षांची फी भरा, मग कागद न्या, असे त्याला खिडकीवर सांगण्यात आले. मूळ प्रमाणपत्रे अडकवून ठेवता येत नाहीत, असे विद्यापीठ अनुदान आयोगाचे 2018 चे परिपत्रक स्पष्ट सांगते. त्याची प्रत जोडून आम्ही लेखी अर्ज केला आणि त्याच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांकाचा शिक्का मागितला. तो शिक्का देण्यासच कारकुनाने सर्वांत जास्त टाळाटाळ केली. कागद अखेर मिळाले, पण तोवर दुसरीकडची मुदत उलटून गेली होती, आणि माझा मुलगा आज त्याच खासगी महाविद्यालयात शिकतो आहे.

पूर्वी व्याख्याते, आता नोकरी सोडलेले, तिलक नगर

मी एका अभियांत्रिकी महाविद्यालयात संगणकशास्त्र शिकवत असे. महाविद्यालयाच्या मान्यतेसाठी तपासणी पथक येण्याच्या आदल्या रात्री आम्हा सर्वांना थांबवून घेतले जाई. दुसऱ्या मजल्यावरचे संगणक तिसऱ्या मजल्यावर नेऊन मांडायचे, जुन्या प्रयोगशाळेच्या क्रमांकावर नवे स्टिकर चिकटवायचे, आणि पथक जेवायला बसले की तेच संगणक पुन्हा खाली आणायचे, हे काम आम्ही शिक्षकांनी आणि शिपायांनी मिळून केले आहे. हजेरीपटावर ज्यांची नावे प्राध्यापक म्हणून होती, त्यांतल्या काहींना मी केवळ त्याच दिवशी पाहत असे. पगार पूर्ण आकड्याने बँकेत जमा होई आणि त्यातला ठरलेला भाग महिनाअखेरीस रोख परत द्यावा लागे, म्हणजे कागदावर सारे नियमानुसार.

याचा परिणाम थेट वर्गावर होतो. वर्षभरात चांगले शिक्षक निघून जातात, नुकतीच पदवी घेतलेली मुले शिकवायला उभी राहतात आणि प्रयोगवही मागच्या वर्षीच्या वहीवरून उतरवली जाते. तिसऱ्या वर्षापर्यंत एकही प्रोग्राम स्वतः लिहिलेला नाही, अशी हुशार मुले मी पाहिली आहेत. आपल्यातच काही कमी आहे, असे त्या मुलांना वाटू लागते, याचे मला फार वाईट वाटते. त्यांच्यात काहीही कमी नव्हते.

बी.एड.सारख्या अभ्यासक्रमांत तर ‘नॉन अटेंडिंग’ हा वेगळा दरच सांगितला जातो. फी जास्त भरायची आणि वर्गाकडे फिरकायचे नाही. उद्या हेच शिक्षक आपल्या नातवंडांना शिकवणार आहेत.

नर्सिंगची विद्यार्थिनी, मूळ बुऱ्हाणपूरची

मी 2020-21 च्या तुकडीत आहे. आमच्या राज्यातील नर्सिंग महाविद्यालयांच्या मान्यतेचे प्रकरण उच्च न्यायालयात गेले, 300 हून अधिक महाविद्यालयांची सीबीआयने तपासणी केली, आणि मे 2024 मध्ये त्या तपासणीशी संबंधित काही अधिकारीच लाच घेतल्याच्या आरोपावरून अटक झाले. या सगळ्यात आमच्या परीक्षा वर्षानुवर्षे पुढे ढकलल्या गेल्या. घरी बाबा विचारायचे, बाई, कितव्या वर्षाला आहेस? मला उत्तर देता येत नसे. आमचे संलग्न रुग्णालय म्हणजे रिकाम्या खाटांचा एक मजला होता, म्हणून सलाइन लावणे मी रात्रपाळीला एका छोट्या नर्सिंग होममध्ये शिकले, तेथल्या एका सिस्टरनी हात धरून शिकवले. काम येते, पण नोंदणी क्रमांक नसल्यामुळे मोठे रुग्णालय अर्ज घेत नाही. व्याख्याते सरांना विचारावेसे वाटते, तपासणीच्या रात्री जे चालते, त्याची तक्रार आम्ही विद्यार्थ्यांनी नेमकी कोणाकडे करायची?

एक विद्यार्थी, राजेंद्र नगर

शिष्यवृत्तीचे पैसे सरकारकडून उशिरा येतात, हे सर्वांना ठाऊक आहे. तरीही ते येईपर्यंत आमचा परीक्षा अर्ज अडवला गेला. आईने कानातले गहाण ठेवले.

निवृत्त बँक अधिकारी, रामबाग

शैक्षणिक कर्जाचे अर्ज मी अनेक वर्षे पाहिले, म्हणून एवढेच लिहितो. 4 लाखांपर्यंत तारण लागत नाही, त्यामुळे ते सोपे वाटते. पण आईवडील सहकर्जदार असतात आणि अभ्यासक्रम चालू असतानाही व्याज चढत राहते. महाविद्यालयाच्या फी-पत्रकात शिकवणी शुल्काखाली बस, गणवेश, व्यक्तिमत्त्व विकास, प्लेसमेंट प्रशिक्षण अशा ओळी असत, आणि त्यांची बेरीज कधीकधी मूळ शुल्काच्या बरोबरीला जाई. भोपाळची प्रवेश व शुल्क विनियामक समिती खासगी व्यावसायिक महाविद्यालयांचे शुल्क ठरवते, आणि ते आदेश संकेतस्थळावर पाहता येतात. माझ्याकडे येणाऱ्या पालकांना मी तो आदेश फी-पत्रकाशेजारी ठेवून ओळ न् ओळ वाचायला लावत असे, आणि ज्या रकमेला आदेशात आधार नाही, तिच्याबद्दल संस्थेकडून लेखी खुलासा आणल्याशिवाय कर्जाचा अर्ज पुढे नेऊ नका, असे सांगत असे. नर्सिंगच्या मुलीला माझे सांगणे आहे की बेटी, परीक्षा लांबल्याचे विद्यापीठाचे प्रत्येक पत्र बँकेत नेऊन दे आणि परतफेड पुढे ढकलण्याचा अर्ज मुदत संपण्याआधीच कर. एकदा हप्ता चुकला की तो बाबांच्याही नावावर नोंदला जातो.